शेजाऱ्याच्या आणि आपल्या घरामध्ये कंपाउंड घालताना आधी सांगायला हवं का?

रत्नागिरीकडे गावच्या घराचा जुना गडगा, म्हणजे दगड नुसते रचून केलेली कुंपणाची भिंत, काढून चिऱ्याचं कंपाउंड घालायचंय, शेजाऱ्यांना वाईट वाटू नये, असं तुम्ही विचारलंय. मी राजापूरकडचा. आमच्या वाडीत हा विषय कुणाकडे ना कुणाकडे निघतोच.

सांगायला हवंच, आणि तेही चिरे उतरायच्या आधी. नंतर गेलात तर "ठरवूनच आलात" म्हणतील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही. संध्याकाळी घरी जाऊन थोरल्या माणसाशी बोला. मुंबईतल्या मुलाला फोन केला म्हणजे झालं, असं नाही.

संबंध कितीही चांगले असोत, 'हद्द कायम' मोजणी, म्हणजे हद्दीच्या खुणा दाखवून देणारी सरकारी मोजणी, करून घ्या. अर्ज तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात होतो आणि लगतच्या कब्जेदारांना नोटीस जाते. नोटीस हातात पडायच्या आधी तोंडी कानावर घाला. सरकारी कागद बघून माणूस उगाच बिथरतो. खुणा करताना त्यांनाही उभं करा.

खरी भांडणं पुढे होतात. पाया भिंतीपेक्षा रुंद असतो. मिस्त्रीने सूत बरोबर हद्दीवर धरलं की खालचा पाया पलीकडे जातो. म्हणून भिंत आत घ्या. पलीकडून गिलावा करायला त्यांच्याच अंगणात उभं राहावं लागतं, तेव्हा तेही विचारून ठेवा, आणि त्यांच्या अळवावर सांडलेला माल त्याच दिवशी उचलायला लावा. वर काचा तर अजिबात नकोत.

पाण्याचं मात्र नीट बघा. गडगा नुसता रचलेला, त्यातून पावसाचं पाणी निघून जायचं. सिमेंटात बसवलेले चिरे ते अडवतात. शेजारी वरच्या अंगाला असतील तर पहिल्याच मोठ्या पावसात त्यांच्या मागीलदारी तळं. बुडाशी पाइपचे तुकडे घालून वाट ठेवा. शेतीबागायतीचं वाहतं पाणी किंवा वाट अडवली, तर मामलेदार कोर्ट कायदा, 1906 खाली तहसीलदारांकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते, हेही ध्यानात असू द्या.

गडग्यात बेडं, म्हणजे ये-जा करायला ठेवलेली वाट, असेल तर तिथे छोटं फाटक ठेवा, असं माझं मत. रात्री-अपरात्री कुणाला बरं नसलं तर त्याच वाटेने धावत येतात.

खर्च तुमचाच, कारण कंपाउंड तुम्हाला हवंय. ते आपणहून निम्मे देतो म्हणाले तर भिंत हद्दीवर मधोमध घालता येईल, पण मग साध्या कागदावर का होईना, दोघांच्या सह्या घ्या.