रात्री एक वाजता आलेला पुण्याचा मेसेज

न्यू जर्सीहून प्रश्न आलाय: आई-बाबा पुण्यात दोघंच असतात, फोन वाजला की छातीत धस्स होतं, ध्यानाला बसलं तरी मन तिकडेच धावतं. काय करू?

तुमचं ध्यान चुकत नाहीये. या काळजीला खरं कारण आहे, त्यामुळे डोळे मिटून ती जाणार नाही. आधी व्यवस्था लावा. घराची एक किल्ली आणि औषधांची यादी शेजारच्या भरवशाच्या घरी ठेवा. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेचा नंबर १०८ आहे, पण तो परदेशातून थेट लागेल यावर विसंबू नका. तिथे कोण फोन करणार, हे आजच ठरवा आणि त्या माणसाशी स्वतः बोला.

मग घड्याळाकडे बघा. उन्हाळ्यात पुणे तुमच्या साडेनऊ तास पुढे असतं, नोव्हेंबरात साडेदहा. आईने सकाळी साडेदहाला सहज पाठवलेला भाजीचा फोटो तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्री एकला वाजतो. फोन रात्री बंद करू नका. आई-बाबा आणि शेजारी यांचेच कॉल वाजतील आणि मेसेज गप्प राहतील, असं सेटिंग करा. ‘तातडीचं असेल तर मेसेज नको, कॉलच कर,’ हे आईलाही सांगून ठेवा.

एवढं झालं की श्वासाचा खरा उपयोग होतो. पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. श्वास सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाची गती कमी करते, त्यामुळे धडधड उतरते. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं होतं की जपमाळेची प्रार्थना किंवा मंत्र म्हणताना श्वास आपोआप याच लयीत येतो. आपली संध्याकाळची शुभंकरोती घाईने न उरकता मुलांसोबत सावकाश म्हणा. घरातला ताण मुलांना न सांगता कळतो, तसं तुमचं सैलावणंही कळतं.

आणि फोन करताना दर वेळी ‘गोळ्या घेतल्या का?’ने सुरुवात नको. बाबांना क्रिकेटबद्दल विचारा, आईला भिशीबद्दल. त्यांनाही तुमची काळजी असते, तुमचा आवाज मोकळा आला की त्यांना बरं वाटतं.

दोन आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर तिथल्या डॉक्टरांना भेटा. फार असह्य झालं तर अमेरिकेत ९८८ हा मानसिक संकटात मदत करणारा नंबर दिवसरात्र चालू असतो. आई-बाबांचंच मन खचलेलं वाटलं तर भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.