कोकणातल्या घरात गरम-गार पाण्यासाठी कोणते पाइप घालावेत?

गुहागरकडचं जांभ्याचं जुनं घर तुम्ही दुरुस्तीला काढलंय, जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप गंजलेत, पाणी विहिरीचं आहे, सोलर वॉटर हीटर बसवायचाय. प्लंबर सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा पीव्हीसी पाइप) म्हणतो आणि मुंबईचा भाऊ पीपीआर (तापवून जोडायचा प्लास्टिक पाइप). मी याच पट्ट्यात घरांची कामं करतो, म्हणून मोकळेपणाने सांगतो: घरात सगळीकडे सीपीव्हीसी घाला, गारलाही आणि गरमलाही. विहिरीपासून टाकीपर्यंत साधा यूपीव्हीसी (गार पाण्याचा कडक पीव्हीसी पाइप) पुरतो, फक्त तो उन्हात उघडा ठेवू नका.

जीआय पुन्हा नकोच. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि किंचित आम्लधर्मी असतं. जड पाण्यात पाइपाच्या आत क्षारांचा थर धरतो आणि धातू झाकला जातो. आपल्याकडे तो धरत नाही, पाणी थेट जस्त खातं. बाहेरून खारी हवा आहेच. वर्षातले महिनेच्या महिने बंद असणाऱ्या घरात गणपतीला नळ सोडला की आधी तांबडं पाणी येतं, ते यामुळेच. तांब्यालाही असलं पाणी मानवत नाही, बेसिनमध्ये नळाखाली निळसर-हिरवे डाग पडतात.

दुकानदार दाबाच्या गोष्टी सांगेल. दहा मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलो, आणि तुमची टाकी तेवढी उंच नसणार. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. एसडीआर ११ (बाहेरचा व्यास पाइपाच्या जाडीच्या अकरा पट) सीपीव्हीसी थंड पाण्यात २८ किलोच्या आसपास दाब झेलतो, तोच ८२ अंशांना ७ किलोवर येतो. यूपीव्हीसीवर ४५ अंशांच्या वर भरवसा ठेवू नये. काही जण गारला यूपीव्हीसी घालून पैसे वाचवतात, पण गिझरमधलं पाणी तापून फुगतं, गार लाइनीत मागे सरकतं आणि तिथला सांधा मऊ पडतो. शिवाय दोन्हींची मापं वेगळी आणि सांधा चिकटवायचं सोल्युशनही वेगळं. एकाच डब्यातून दोन्ही चिकटवणारे प्लंबर मी पाहिलेत. पाइपवर आयएस १५७७८ (सीपीव्हीसी पाइपाचं भारतीय मानक) छापलंय का, ते बघून घ्या.

पीपीआर वाईट नाही, उलट सांधा उत्तम. २६० अंशांवर दोन्ही तोंडं वितळवून जोडतात, ती एकजीव होतात. पण त्याला मशीन लागतं, वीज लागते, हात बसलेला माणूस लागतो. ऐन गणपतीत गळती लागली तर सीपीव्हीसीची एल्बो (वळणाचा जोड) तालुक्याच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. माझ्या लेखी निवड इथेच ठरते.

सोलरचं नीट ऐका. घर बंद, वापर नाही आणि मे महिना, अशा वेळी ट्यूबवाल्या सोलरमधलं पाणी जवळपास उकळीला येतं. म्हणून सोलरच्या टाकीपासून थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्हपर्यंत स्टेनलेस स्टीलचा पाइप घ्या, किनाऱ्यालगत असाल तर ३१६ ग्रेडचा. व्हॉल्व्हमध्ये गार पाणी मिसळून ते ६० च्या आत आलं की पुढे सीपीव्हीसी चालतो. मुंबईला परतताना ट्यूबांवर ताडपत्री टाकून जा.

आता सांधा, कारण गळतो तो बहुतेक वेळा सांधाच. पाइप कटरनेच सरळ कापायला लावा, कडेचा चुरा खरवडून काढायला लावा. पावसाळ्यात काम असेल तर पाइप कोरड्या फडक्याने पुसल्याशिवाय सोल्युशन लावू देऊ नका. पाइप आत ढकलताना पाव वळसा द्यायचा आणि अर्धा मिनिट दाबून धरायचा. फिटिंग आत निमुळतं असतं, हात लगेच सोडला की पाइप मागे सरकतो, आणि ते कळतं प्लास्टर झाल्यावर. म्हणून टोकं बंद करून टेस्ट पंपाने दाब द्या, काटा उतरत नाही ना बघा, मगच चर बुजवा. लांब गरम लाइन सरळ ताणून घट्ट बसवू नका: दहा मीटर पाइप ४० अंशांनी तापला की अडीच सेंटिमीटरच्या आसपास वाढतो. मध्ये एक वळण घ्या.

सीपीव्हीसीला तेल सोसत नाही, चिरा जातात. आटे बसवताना तेलातला सफेदा आणि सुतळी नको, टेफ्लॉन टेप वापरा. खोबरेल लावलेल्या हातानेसुद्धा आटे चढवू देऊ नका. आणि दुरुस्तीत वाळवीची फवारणी करून घेणारच असाल, तर पाइप असलेल्या चरात रॉकेलसारख्या तेलात मिसळलेलं औषध ओतू देऊ नका. पाण्यात मिसळायचं औषध मिळतं, तेच मागा.