शीर निळी, मग रक्त काळपट लाल कसे?

प्रश्न : गेल्या आठवड्यात वडिलांचे रक्त तपासायला दिले. दंडाला पट्टा बांधल्यावर कोपराच्या खोबणीत हिरवट-निळी शीर टरारून वर आली, पण नळीत उतरलेले रक्त जवळजवळ काळपट लाल होते. तेव्हापासून ‘माझे रक्त अशुद्ध झाले आहे’ असे वडिलांनी मनात घेतले असून, रक्तशुद्धीचा काढा सुरू करण्याचा त्यांचा आग्रह आहे. सातवीतली मुलगी म्हणते की, पुस्तकातल्या आकृतीत अशुद्ध रक्त निळेच असते. यातले खरे काय?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : वडिलांना प्रथम हे सांगावे की, निरोगी माणसाच्या शिरेतून काढलेले रक्तही असेच गडद दिसते. माणसाचे रक्त शरीरात कुठेही निळे नसते. रक्ताला लाली देणाऱ्या हिमोग्लोबिनच्या प्रत्येक रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि फुप्फुसात त्यांना प्राणवायू चिकटला की रक्त झळझळीत लाल होते. तो पेशींना देऊन झाला की तेच रक्त गडद होते. तरीही विश्रांतीच्या वेळी शिरेतल्या हिमोग्लोबिनवर सुमारे ७५ टक्के प्राणवायू शिल्लक असतो. ‘अशुद्ध रक्त’ हा शब्द आपण शाळेपासून ऐकतो, पण माझ्या मते त्याने फार घोटाळा केला आहे. त्याचा अर्थ प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त एवढाच असून, ही ‘अशुद्धी’ प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसात दूर होत असते.

आता निळ्या रंगाविषयी. उजेडातला निळा भाग कातडीच्या वरच्या थरांतूनच बराचसा विखरून मागे येतो, लाल भाग मात्र खोलवर शिरतो. अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर बोट टेकवून पाहावे. ते लालबुंद उजळते, कारण मांसातून पार होतो तो मुख्यतः लाल प्रकाशच. शिरेपर्यंत पोहोचलेल्या या लाल प्रकाशातला बराचसा तिथले गडद रक्त शोषून घेते, म्हणून शेजारच्या कातडीच्या मानाने त्या पट्टीवरून लाल प्रकाश कमी परततो आणि आपली दृष्टी तुलनेने तिला निळी ठरवते. १९९६ साली ‘अप्लाइड ऑप्टिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत तर असे आढळले की, निळ्या दिसणाऱ्या शिरेवरूनही निळ्यापेक्षा लाल प्रकाशच अधिक परततो. वरच्या थराने रंग बदलतो हे नाशिककरांना नवे नाही : काळ्या द्राक्षाचा मणी घडावर निळसर दिसतो आणि अंगठ्याने त्यावरचा मेणासारखा थर पुसला की खालून काळा-जांभळा निघतो. कारण हुबेहूब तेच नसले, तरी थराखालचा रंग वेगळाच असतो.

धमन्या जाड भिंतीच्या आणि बहुधा खोल असल्याने त्या सहसा दिसतच नाहीत. पूर्वीच्यांनी त्यांना ‘रोहिणी’ म्हणजे तांबडी आणि शिरांना ‘नीला’ म्हटले. आकृतीतला लाल-निळा भेदही केवळ ओळखीसाठीच असतो. मुलीला त्याच आकृतीत हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणारी धमनी शोधायला सांगावी, ती धमनी असूनही निळी रंगवलेली असेल.

मात्र ओठ किंवा जीभ निळसर पडली, तर तो प्राणवायू कमी पडत असल्याचा इशारा असू शकतो. तेव्हा विलंब न करता डॉक्टरांकडे जावे. वडिलांच्या बाबतीत नळीतल्या रंगावरून काही न ठरवता तपासणीचा अहवाल डॉक्टरांना दाखवावा आणि काढा घ्यावा की नाही, हेही त्यांनाच विचारावे.