काही खुनांनी सगळा देश हादरतो आणि काहींची साधी चर्चाही होत नाही, असं का?

मेलेल्याला नाव आणि फोटो असेल तरच लोक हादरतात, माझं तर हेच म्हणणं आहे. पेण तालुक्यात गागोद्याच्या जंगलात मे २०१२ मध्ये जळालेला मृतदेह सापडला, तेव्हा खुनाचा गुन्हाही दाखल झाला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलीस म्हणाले ती शीना बोरा, मुंबईतल्या बड्या घरातली, आणि मग त्याच जंगलात चॅनलवाल्यांची रीघ लागली. जागा तीच, देह तोच.

आमच्याकडचं सांगतो. रत्नागिरी साईडला आमची बोट आहे. खलाशी बरेचसे नेपाळी आणि सगळ्यांना हाक एकच, बहादूर. एका वर्षी नारळी पौर्णिमेनंतर आमचा एक बहादूर जेटीमागे मेलेला सापडला, डोक्यात घाव. पंचनाम्याला हवालदाराने नाव विचारलं तर पन्नास माणसं उभी आणि एकालाही माहीत नाही. दोन सीझन आमच्या पडवीत झोपलेला, आईच्या हातचं कालवण जेवलेला माणूस, फाटलेलं जाळं कसं शिवायचं, सुई कुठून ओवायची ते मला त्यानेच हात धरून शिकवलेलं. मी घरून हिशोबाची वही आणली, त्यात लिहिलेलं, 'बहादूर छोटा, उचल ८,०००'. बस एवढंच.

काका पहिलं काय बोलला, तर "उचल गेली." आणि वर मलाच, "गावचा होता काय तो? कशाला पोलिसांच्या भानगडीत पडतोस?" पेपरात चार ओळी आल्या, अनोळखी नेपाळी खलाशी म्हणून. मारणारा सापडला का हे विचारायला ठाण्यात कोणी गेलं नाही, मीसुद्धा नाही, आणि ते मला अजून खातं.

आता सगळं नावावरच असतं असं नाही, हेही खरं. पुण्यात १९७६-७७ ला जोशी-अभ्यंकर खून झाले तेव्हा लोक धास्तावले कारण घरात घुसून मारत होते, उद्या आपला नंबर लागेल असं प्रत्येकाला वाटलं. बहादूरच्या जागी आमच्या जेटीवर कोणी स्वतःला बघितलंच नाही.

तुमच्याकडे परमुलखातलं कोणी कामाला असेल तर पूर्ण नाव, गाव, घरचा नंबर आजच लिहून घ्या. आमच्या वहीत आता उचलीच्या आधी नाव असतं, मी दोनदा विचारून लिहितो. काका अजून सगळ्यांना बहादूरच म्हणतो आणि मी दरवेळी जेटीवर सगळ्यांसमोर त्याला टोकतो.