दरवर्षी निम्मी टीम नवीनच कशी?

प्रश्न : भाचा अमेरिकेत ओहायो स्टेटला शिकतोय, त्याच्यामुळं आम्ही विश्रामबागेतले चौघंजण शनिवारी रात्री साडेनऊला डब्याला मोबाईल टेकवून कॉलेज फुटबॉल (हातात बॉल घेऊन खेळतात ते अमेरिकन) बघतो. पण दरवर्षी निम्मी पोरं नवीन, आणि टीव्हीवाले नुसतं क्वार्टरबॅकचंच, म्हणजे बॉल फेकणाऱ्या मुख्य गड्याचंच, कौतुक करतात, यावरनं आमच्यात रोज भांडणं. असं का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : भांडण रास्त आहे. २०१८ ला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू बघणाऱ्या खेळाडूंची ऑनलाइन यादी, आलं, २०२१ ला कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसायची अट पहिल्या बदलीपुरती गेली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून पोरांना स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा मिळाली, मग काय, बाकावर बसलेला पोरगा दुसरीकडं खेळायला मिळतंय म्हटल्यावर थांबंल कशाला? मला यात पोरांची चूक वाटत नाही, इतकी वर्षं स्टेडियम भरायचं यांच्या जिवावर आणि हातात फक्त स्कॉलरशिप.

क्वार्टरबॅकचं म्हणाल तर जवळपास प्रत्येक डावात बॉल त्याच्याच हातात येतो, कॅमेरा तिकडंच जाणार. पण येत्या शनिवारी बॉल सुटला की त्याच्या पुढच्या पाच जणांकडं बघा, कबड्डीत कोपरा धरतात तसे पाय रोवून उभे असतात. त्यातला एक जरी सरकला की क्वार्टरबॅक आडवा!