पाठीतल्या सुईने कंबर जन्माची जाते का?

तासगावकडची एक पहिलटकरीण आठवा महिना लागल्यावर आई आणि नवऱ्यासोबत आमच्याकडे समुपदेशनाला आली. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) तिला कळांची भीती वाटत होती आणि एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करायला पाठीतून देतात ते औषध, घ्यायचं होतं. आईंचा विरोध होता. "पाठीत सुई नको गं बाई. हिच्या जावेनं घेतली, तीन वर्षं झाली, अजून धड वाकता येत नाही तिला." नवऱ्याने ऐकलं होतं की या इंजेक्शनने कळा थांबतात आणि शेवटी सिझरच करावं लागतं.

जावेचं सिझर झालं होतं. सिझरला बहुतेक वेळा स्पायनल देतात. त्यात बारीक सुईने मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात एकदाच औषध सोडतात आणि कमरेखालचा भाग पूर्ण बधिर होतो. एपिड्युरलची सुई त्या पाण्यापर्यंत जात नाही. मज्जारज्जूभोवतीच्या त्या पाण्याच्या पिशवीबाहेरच्या जागेत एक बारीक नळी ठेवून सुई काढून घेतात आणि बाळ होईपर्यंत नळीतून पातळ केलेलं औषध देत राहतात. दोन्ही सुया कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये, साधारण तिसऱ्या-चौथ्याच्या मधे टोचतात. मोठ्या माणसाची मज्जारज्जू त्याच्या वरच, पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळ संपलेली असते. म्हणूनच ही जागा निवडलेली आहे.

मग कंबर दुखते ती कशाने? गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल होतात, पोटाच्या भाराने कमरेचा बाक वाढतो, पोटाचे स्नायू ताणून कमजोर होतात. त्यात बाळंतपणानंतर दिवसातून आठ-दहा वेळा वाकून बसून दूध पाजायचं. सुई न घेतलेल्या बायकांचीही कंबर दुखतेच. कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, त्यात एपिड्युरल घेतलेल्यांमध्ये दीर्घकाळची कंबरदुखी जास्त आढळली नाही. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळी राहते, तेवढं खरं. जावेला फिजिओथेरपिस्टकडे न्या, हेही आईंना सांगितलं. तीन वर्षं दुखणारी कंबर सुईच्या नावावर ढकलून सोडून द्यायची नसते.

सिझरचं प्रमाणही त्या आढाव्यात वाढलेलं नव्हतं. मात्र जोर देण्याचा टप्पा लांबू शकतो. व्हॅक्यूम किंवा चिमटा लागण्याचं प्रमाण जुन्या अभ्यासांत जास्त होतं. 2005 नंतरच्या, म्हणजे औषध कमी तीव्रतेचं झाल्यानंतरच्या अभ्यासांत ती वाढ दिसली नाही. हल्ली साधारण 0.1 टक्क्याच्या आसपास बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध आणि त्यात थोडं फेंटानिल हे वेदनाशामक असतं. कळ बोथट होते, पाय हलवता येतात, खाली दाब जाणवत राहतो. "काहीच कळणार नाही" अशी अपेक्षा ठेवून गेलेल्या बाईला हा दाब म्हणजे इंजेक्शन फसलं असं वाटतं. दाब जाणवणारच, हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

आमच्या मते खरी चौकशी कंबरेची नाही, भुलीच्या डॉक्टरांची करायची असते. तालुक्याच्या पुष्कळ दवाखान्यांत ते बोलावल्यावर येतात. सिझरला तासाभरासाठी येऊन जाणं चालतं, पण एपिड्युरल दिलं की बाळ होईपर्यंत कुणीतरी जबाबदार हाताशी लागतं. म्हणून या तिघांना विचारायला सांगितलं: रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तर भुलीचे डॉक्टर किती वेळात पोचतील? नळी टाकल्यावर बीपी आणि बाळाचे ठोके कोण बघणार? याचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय की वेगळा? ठरलेल्या दवाखान्यात रात्रीची खात्री मिळाली नाही, म्हणून त्यांनी नाव मिरजेला नोंदवलं. हे आठव्या महिन्यात करता येतं. कळा सुरू झाल्यावर गाडीत बसून करायचं काम नाही.

कागद पाहताना प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणारे कण, आधी बघितले. ते साधारण 70-80 हजारांच्या खाली असले तर बहुतेक भूलतज्ज्ञ सुई टाळतात, कारण आत रक्त साचून नसांवर दाब येण्याचा धोका असतो. पोटावर घ्यायची रक्त पातळ करणारी इंजेक्शनं चालू असतील तर शेवटच्या डोसची वेळ लिहून ठेवावी. कमी डोस असेल तर 12 तास आणि मोठा असेल तर 24 तास जावे लागतात. बीपीसाठी दिलेली कमी ताकदीची अॅस्पिरिन एकटीच असेल तर सहसा अडचण येत नाही. गर्भपिशवीचं तोंड अमुक इतकं उघडेपर्यंत थांबलंच पाहिजे, असंही नाही. कळा नीट सुरू झाल्या आणि बाई म्हणाली, की देता येतं. आणि संमती तिची. घरच्यांना विचारात घ्यावं, पण दुखणं तिचं आहे.

प्रत्यक्षात काय होतं, ते तिला करून दाखवलं. कॉटच्या कडेला बसायचं, उशी कवटाळायची, हनुवटी छातीला, खांदे सैल आणि कंबर मांजरासारखी मागे फुगवायची. आधी कातडी बधिर करण्याचं इंजेक्शन चुणचुणतं, नंतर नुसता दाब जाणवतो. मधेच कळ आली तर "आली" म्हणायचं आणि हलायचं नाही, डॉक्टर थांबतात. हे दहा-वीस मिनिटांचं काम. पहिला छोटा डोस तपासणीचा असतो. त्या वेळी कानात गुंई आवाज, तोंडाला लोखंडाची चव, अचानक धडधड किंवा पाय एकदम जड, यातलं काहीही झालं तर लगेच सांगायचं. नळी रक्तवाहिनीत किंवा मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात गेल्याच्या या खुणा आहेत. पूर्ण परिणाम यायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तोवर दर पाच मिनिटांनी बीपी घेतात. उताणं झोपायचं नाही, कुशीवर व्हायचं. मळमळ आणि चक्कर म्हणजे बीपी उतरलं. सलाईन आणि इंजेक्शनने ते सावरतं. अंगाला खाज येते, थंडी वाजल्यासारखी थरथर होते. लघवी कळत नाही, म्हणून नळीने काढतात.

तिच्या बाळंतपणाच्या वेळी अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. डावी बाजू शांत झाली, उजव्या जांघेत कळ तशीच. असं बऱ्यापैकी घडतं, नळीचं टोक एका अंगाला सरकलेलं असतं. ती तोंड दाबून सोसत राहिली नाही, बोलली. डॉक्टरांनी स्पिरिटचा गार बोळा पोटावरून खाली फिरवत गार कुठे लागतं ते विचारलं, नळी सेंटीमीटरभर मागे ओढली, तिला उजव्या कुशीवर वळवून आणखी डोस दिला. थोड्या वेळाने आराम पडला. तरीही नसता पडला तर नळी काढून नव्याने टाकतात. शेवटी जोर देणं लांबलं आणि व्हॅक्यूम लावावा लागला. बाळाचं तोंड वर होतं, तेही कारण असेल, एपिड्युरलचाही हातभार असेल. एकट्या बाळंतपणावरून हे ठरवता येत नाही, आणि तिच्या आईंनाही आम्ही असंच सांगितलं. बाळ लगेच रडलं, तासाभरात दूध ओढलं. एपिड्युरल घेतलं म्हणून दूध पाजायला थांबावं लागत नाही.

आईंना दोन गोष्टी निक्षून सांगाव्या लागल्या. पायांना पूर्ण जाण येईपर्यंत, म्हणजे काही तास, शेगडी किंवा गरम पाण्याची पिशवी जवळ न्यायची नाही. बधिर कातडी भाजलेली कळत नाही. आणि पहिल्यांदा उठताना सिस्टरचा हात धरूनच उठायचं.

घरी गेल्यावर डोकेदुखीकडे लक्ष ठेवायचं. शंभरात साधारण एखादीला सुई पुढे जाऊन मज्जारज्जूभोवतीच्या पाण्याच्या पिशवीला भोक पडतं. मग एक-दोन दिवसांत उठून बसलं की डोकं फुटतं आणि आडवं झालं की उतरतं, मान आखडते. याला घरात "वारं लागलं" म्हणून कान बांधून बसवतात. तसं न करता भुलीच्या डॉक्टरांना फोन करायचा. पाणी, विश्रांती, गोळ्यांनी भागलं नाही तर बाईचंच पंधरा-वीस मिली रक्त त्या जागी सोडून भोक बुजवतात, बहुतेकींना लवकर उतार पडतो. पण डोकेदुखीसोबत डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येत असेल, बरगडीखाली दुखत असेल तर आधी बीपी तपासा, बाळंतपणानंतरही झटके येऊ शकतात. पाठदुखीसोबत ताप, पायातली शक्ती कमी होत जाणं किंवा लघवी अडणं, यातलं काहीही दिसलं तर सवा महिना व्हायची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.