फ्रेममधलं व्हिजन आणि बोनसचा तक्ता

प्रश्न : लिफ्टच्या देखभालीचं काम करणाऱ्या कंपनीची सूत्रं गेल्या वर्षी माझ्याकडे आली. तीनेकशे माणसं आहेत, निम्म्याहून जास्त फिरतीवरचे तंत्रज्ञ. सल्लागार बोलावून कार्यशाळा घेतली आणि व्हिजन ठरवलं : ‘गुणवत्ता, नावीन्य आणि ग्राहकसमाधान यांच्या बळावर क्षेत्रातील अग्रगण्य संस्था होणे.’ फ्रेम करून लावलं, सगळ्यांना मेल केला, वार्षिक मेळाव्यात भाषणही केलं. परवा सहज चार जणांना विचारलं, तर एकालाही ते सांगता येईना. पुन्हा नव्याने मोहीम राबवू का?

उत्तर : मोहीम नको. त्या चौघांना बोल लावू नका, त्या वाक्यात लक्षात ठेवण्याजोगं काही नाहीच. ‘आम्हाला गुणवत्ता नको’ म्हणणारी एक तरी कंपनी तुम्ही पाहिलीय का? हे वाक्य उद्या बँकेत लावलं, छापखान्यात लावलं, तरी कुणाला खटकणार नाही. सकाळी कामावर निघालेल्या तुमच्या तंत्रज्ञाला त्यामुळे एकही गोष्ट वेगळी करावी लागत नाही.

त्याच्याबरोबर मनाने एक फेरी मारा. लिफ्ट बंद पडली की दोष बऱ्याचदा दरवाजात निघतो. तो पोहोचतो, दार नीट लागलंय हे लिफ्टला कळवणारा डोअर लॉकचा कॉन्टॅक्ट साफ करतो, लिफ्ट चालू होते, सही घेऊन पुढच्या कॉलला पळतो. दरवाजाचा झिजलेला रोलर त्यालाही दिसलेला असतो, पण तो तसाच राहतो आणि आठवड्याभरात तीच लिफ्ट पुन्हा अडकते. आता समजा तुम्ही म्हणालात : ‘तीन वर्षांत आपली कुठलीही लिफ्ट एकाच कारणाने लागोपाठ दोनदा बंद पडणार नाही.’ रोलर बदलल्याशिवाय निघायचं नाही, हे त्याला न सांगता कळेल. आणि लगेच तो तुम्हालाच विचारेल, गाडीत रोलर ठेवणार आहात का? दिवसाला किती कॉल उरकले यावर बोनस असेल तर माझं नुकसान कोण भरून देणार?

असे अडचणीचे प्रश्न आले म्हणजे वाक्य जमलं, असं मी समजते. तुमच्याकडे बोनस कशावर आहे ते पत्रात नाही. कॉलच्या संख्येवर असेल, तर फ्रेम एक सांगतेय आणि बोनसचा तक्ता दुसरंच. लोक तक्ता वाचतात.

पॉल ओनील १९८७ मध्ये अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले. गुंतवणूकदारांसमोरच्या पहिल्याच भाषणात ते नफ्यावर बोलतील अशी अपेक्षा होती, ते कामगारांच्या सुरक्षिततेवर बोलले. ध्येय सांगितलं, शून्य इजा. ऐकणारे चक्रावले. पण पुढे नियम आला : कुणाला इजा झाली, तर त्या विभागाच्या प्रमुखाने चोवीस तासांत ओनील यांना कळवायचं आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं. १९९६ मध्ये मेक्सिकोतल्या कारखान्यात वायूमुळे कामगार आजारी पडल्याची माहिती वर न पोहोचवणाऱ्या एका जुन्या, वरिष्ठ अधिकाऱ्याला त्यांनी घरी पाठवलं. त्यानंतर ‘शून्य इजा’चा अर्थ कंपनीत कुणाला वेगळा समजावून सांगावा लागला असेल, असं मला वाटत नाही.

वाक्य बसवायला सल्लागारापेक्षा तक्रार नोंदवून घेणारी तुमची माणसं जास्त कामाची. कुठल्या लिफ्टची तीच तक्रार पुन्हा पुन्हा येते, ते त्यांना तोंडपाठ असतं. कच्चं वाक्य पाच-सहा जणांना वाचून दाखवा आणि ‘कसं वाटलं’ हे विचारू नका, छानच वाटतं सगळ्यांना. ‘यामुळे उद्यापासून तू काय बंद करशील?’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर पुन्हा लिहा. व्यवस्थापनतज्ज्ञ जॉन कॉटर यांनी १९९५ च्या ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तल्या लेखात याहून कडक कसोटी दिलीय : पाच मिनिटांत सांगून समोरच्याला ते समजलं आणि त्याला त्यात रस वाटला, असं दिसत नसेल तर तुमचं काम अजून संपलेलं नाही.

मुदत आणि अट दोन्ही असू द्या. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी २५ मे १९६१ रोजी अमेरिकी काँग्रेससमोर सांगितलं, दशक संपण्याआधी माणूस चंद्रावर उतरवायचा आणि सुखरूप पृथ्वीवर परत आणायचा. इंजिनिअरांची खरी झोप उडवणारे शब्द ‘सुखरूप परत’ हे असणार. (‘मी माणूस चंद्रावर पाठवायला मदत करतोय’ म्हणणाऱ्या नासातल्या सफाई कामगाराची ती गोष्ट मात्र भाषणात घालू नका. ऐकीव आहे, आणि सगळ्यांची ऐकून झालीय.)

मेळाव्यातलं भाषण एकदाच होतं. साप्ताहिक बैठकीत पहिला प्रश्न महसुलाचा न विचारता ‘या आठवड्यात कुठली लिफ्ट त्याच कारणाने पुन्हा बंद पडली?’ हा विचारा. दर आठवड्याला, तुम्हाला स्वतःला कंटाळा आला तरी.

प्रश्न : मी सात जणांच्या टीमची प्रमुख आहे. वरून दर तिमाहीला नवीन दिशा येते. टीमला काय सांगू?

उत्तर : वरचे काय म्हणतात ते थोडं बाजूला ठेवा. गेल्या वर्षभरात पैसा कुठे गेला, नवी माणसं कुणाला मिळाली, कुठलं काम गुपचूप बंद पडलं, ते लिहून काढा. लू गर्स्टनर १९९३ मध्ये आयबीएम या संगणक कंपनीचे प्रमुख म्हणून आले, तेव्हा पत्रकारांना म्हणाले होते की कंपनीला सध्या सगळ्यात कमी गरज व्हिजनची आहे. पण कंपनीचे तुकडे करायचे नाहीत, हा त्यांचा निर्णय पुढची सगळी दिशा सांगत होता. तुमच्या यादीतूनही असंच एखादं वाक्य निघेल. ते साहेबांना लेखी पाठवा : ‘मी हे धरून टीमला कामाला लावतेय, चुकत असेल तर कळवा.’ स्वतः वाक्य लिहायचं टाळणारे साहेब दुसऱ्याच्या वाक्यात दुरुस्त्या मात्र तासाभरात करून पाठवतात, आणि तुम्हाला त्याच हव्यात.